बांधलेला ट्रॅक्टर का सरकतो?

नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्षबागांच्या दोन ओळींमधून फिरणारे छोटे ट्रॅक्टर आता सगळ्यांच्या परिचयाचे झाले आहेत. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे, अंगाने अरुंद असे हे ट्रॅक्टर बागेत मोठे चपळ असतात. पण रस्त्यावर त्यांचा वेग फारसा नसतो. म्हणून ट्रॅक्टर दुसऱ्या गावच्या बागेत किंवा दुरुस्तीला न्यायचा झाला, की तो पिकअपच्या हौद्यात नाहीतर दोन चाकी ट्रेलरवर चढवतात, फाळका लावतात, वरून एखादा दोर टाकून आवळतात आणि गाडी निघते.

बहुतेक वेळा ट्रॅक्टर सुखरूप पोचतोही. पण वाटेत कधी गुरे आडवी येतात, कधी पुढची गाडी एकाएकी थांबते. चालक ब्रेकवर पाय दाबतो. त्या दीड-दोन सेकंदांत हौद्यातला ट्रॅक्टर जागचा हलला, तर त्याच्या आणि चालकाच्या पाठीच्या मध्ये केबिनच्या पत्र्याखेरीज काही नसते. वळणावर तो कलंडला, तर शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वारावर पडतो. तेव्हा 'ट्रॅक्टर नीट बांधला आहे' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न चालकापुरता राहत नाही. त्याचे उत्तर नववीच्या गतीच्या नियमांत आणि अकरावीच्या सदिशांत दडलेले आहे. ते क्रमाने शोधू या.

जड आहे, म्हणून हलणार नाही?

ट्रॅक्टर वाहून नेताना एक वाक्य हमखास ऐकू येते: 'एवढे वजन आहे, कुठे जातोय तो?' प्रथम हा समज तपासून पाहू.

गाडी ब्रेक लावून थांबते तेव्हा ट्रॅक्टरला पुढे ढकलणारे बल कोणते? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर असे, की असे कोणतेच बल नसते. जडत्वामुळे ट्रॅक्टर आपल्या मूळच्या वेगाने पुढे जात राहू पाहतो. गाडीबरोबर त्यालाही थांबवायचे असेल, तर त्याच्यावर कोणीतरी मागच्या दिशेने बल लावले पाहिजे. काहीच बांधलेले नसेल तर हे बल फक्त चाके आणि हौद्याचा पत्रा यांच्यातले घर्षण देऊ शकते.

घर्षणाची कमाल मर्यादा वजनाच्या प्रमाणात असते. हा नियम १६९९ साली आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. म्हणजे ट्रॅक्टर जितका जड तितके घर्षण जास्त, हे खरे. पण ट्रॅक्टरला थांबवायला लागणारे बलही त्याच्या वस्तुमानाच्याच प्रमाणात असते. वस्तुमान दोन्हीकडे येते आणि कटून जाते! उरते ती तुलना एवढीच: गाडीचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे आणि घर्षण गुणांक किती आहे? मंदनाचा आकडा मोठा असेल, तर आठशे किलोचा ट्रॅक्टरही सरकेल आणि त्याच हौद्यातला आठशे ग्रॅमचा रबरी ठोकळाही सरकेल. जडपणा सरकणे थांबवत नाही. सरकल्यावर होणारी हानी मात्र वाढवतो.

किती बलाची तयारी ठेवावी?

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी जोरात ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला ७ ते ८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग गमावू शकते. म्हणजे मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.८ पट होते. वळणाचा हिशेबही सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर अभिकेंद्री त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे गुरुत्वत्वरणाच्या निम्मे झाले.

माल बांधण्याचे युरोपीय मानक आणि अमेरिकेचे मालवाहतुकीचे नियम या दोन्हींत हेच आकडे आढळतात: पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, दोन्ही बाजूंना ०.५ पट आणि मागच्या दिशेने ०.५ पट बल सोसेल अशी बांधणी असावी. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना माल उसळतो, म्हणून अमेरिकेच्या नियमांत वजनाच्या २० टक्के इतके बल खाली दाबून धरायलाही हवे असे सांगितले आहे.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. ट्रॅक्टरचे वस्तुमान ८०० किलोग्रॅम आहे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर त्याचे वजन ८,००० न्यूटन होते. हौद्याच्या पत्र्यावर माती, पाणी, थोडे तेल सांडलेले असते, म्हणून टायर व पत्रा यांचा घर्षण गुणांक ०.३ धरू.

जोराच्या ब्रेकला लागणारे बल: ०.८ × ८,००० = ६,४०० न्यूटन.
घर्षणातून जास्तीत जास्त मिळणारे बल: ०.३ × ८,००० = २,४०० न्यूटन.
तूट: ४,००० न्यूटन.

ही ४,००० न्यूटनची तूट भरून काढणे हे बांधणीचे काम. तूट भरली नाही तर काय होईल? ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारी गाडी ०.८ पट मंदनाने सुमारे १४ मीटरांत थांबते. ट्रॅक्टरला मात्र घर्षणाने ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच मंदन मिळते, म्हणून त्याला थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात. हा फरक २३ मीटरांचा आहे, आणि पिकअपचा हौदा असतो अडीच-तीन मीटर लांब.

मोकळ्या जागेची किंमत

'पुढे केबिनची भिंत आहे ना, ती अडवेल,' असे कोणी म्हणेल. ट्रॅक्टर सुरुवातीलाच मजबूत आडोशाला टेकलेला असेल, तर त्या आडोशाला फक्त तुटीचे ४,००० न्यूटन सोसावे लागतात. पण मध्ये ३० सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर?

गाडीच्या मानाने ट्रॅक्टर ८ उणे ३, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने पुढे येतो. ३० सेंटिमीटर सरकेपर्यंत त्याच्या वेगाचा वर्ग २ × ५ × ०.३ = ३ होतो. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर, माणसाच्या चालण्यापेक्षा थोडा जास्त. पण हा वेग आठशे किलोच्या वस्तूचा आहे. पत्रा ५ सेंटिमीटर दबून ट्रॅक्टर थांबला असे मानले, तर त्या अंतरात लागणारे मंदन ३ भागिले ०.१, म्हणजे ३० मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि त्यासाठी लागणारे सरासरी बल २४,००० न्यूटन. यात मूळचे ४,००० मिळवायचे. एकूण २८,००० न्यूटन! ज्याला टेकून उभा असता तर ४,००० न्यूटनांत भागले असते, तिथे वीतभर मोकळ्या जागेने बल सातपट झाले.

ढिल्या साखळीचेही असेच. साखळी कितीही मजबूत असो, ती ढिली असेल तर ट्रॅक्टर आधी वेग घेतो आणि मग तिला हिसका देतो. म्हणून बांधणीचा पहिला नियम असा, की कुठेही मोकळीक राहता कामा नये.

दाबून बांधणे

आपल्याकडे कडब्याची किंवा उसाची गाडी भरली, की दोर वरून पलीकडे टाकतात आणि आवळून बांधतात. ही रीत त्या मालासाठी योग्य आहे. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींत अडकतात, दोराने दाबल्यावर घट्ट बसतात आणि सगळा माल एक गठ्ठा होतो. हीच सवय हाताला असल्याने ट्रॅक्टरवरही दोर वरून टाकला जातो. इथे मात्र गफलत होते.

वरून टाकलेला दोर ट्रॅक्टरला मागे ओढत नाही. तो खाली दाबतो. त्याने लंब बल वाढते आणि त्यामुळे घर्षणाची मर्यादा वाढते. म्हणजे अडवण्याचे काम अखेर घर्षणच करते, दोर फक्त त्याला मदत करतो. ही मदत किती पडते ते पाहा. ४,००० न्यूटन जास्तीचे घर्षण हवे आणि घर्षण गुणांक ०.३ आहे, तर दाब वाढवावा लागेल ४,००० भागिले ०.३, म्हणजे सुमारे १३,३०० न्यूटन. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक!

हाताने आवळायच्या रॅचेटच्या पट्ट्यात साधारण २,५०० ते ३,५०० न्यूटन ताण आणता येतो. २,५०० धरू. पट्टा दोन्ही बाजूंनी खाली ओढतो, म्हणून एका पट्ट्याने ५,००० न्यूटन दाब मिळेल असे वाटते. पण तसे होत नाही. रॅचेट एकाच बाजूला असते. पट्टा ट्रॅक्टरवरून वळताना कडांवर घासतो आणि पलीकडच्या बाजूला ताण कमी पोचतो. विहिरीच्या रहाटाचा दोर खांबाला दोन वेढे देऊन धरला, तर एका हाताने मोठा भार तोलता येतो, ते याच तत्त्वाने. गणिती ऑयलर याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने हिशेब केला, तर घर्षण गुणांक ०.२ असताना एकूण १८० अंश वळलेल्या पट्ट्यात पलीकडे निम्म्याच्या आसपासच ताण उरतो. म्हणजे एका पट्ट्याचा दाब ५,००० नव्हे, तर सुमारे ३,८०० न्यूटन. १३,३०० न्यूटनांसाठी असे चार पट्टे लागतील.

बरे, हे चार पट्टे ट्रॅक्टरवर टाकायचे कशावरून? बॉनेटचा पत्रा, आसन, चाकावरचा मडगार्ड यांपैकी कशालाही असा दाब सोसत नाही. शिवाय ट्रॅक्टर हवा भरलेल्या टायरांवर उभा असतो. गाडी हादरली, टायर क्षणभर जास्त दबले, की पट्टा ढिला पडतो आणि दाब जातो. दाबून बांधण्याची सगळी भिस्त सुरुवातीला दिलेल्या ताणावर असते. तो गेला की काही उरत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. दाबामुळे मिळणारे बल म्हणजे घर्षण गुणांक गुणिले दाब. ट्रॅक्टरचा हातब्रेक सुटला, तर चाके फिरू लागतात आणि सरकण्याऐवजी ट्रॅक्टर घरंगळतो. अशा वेळी घर्षणाचा अडथळा जवळजवळ शून्य होतो. शून्याला कितीही मोठ्या दाबाने गुणले तरी उत्तर शून्यच!

अडवून बांधणे

आता दुसरी रीत पाहू. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूच्या मजबूत भागापासून दोन साखळ्या हौद्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांकडे आणि पुढच्या बाजूपासून दोन साखळ्या पुढच्या दोन कोपऱ्यांकडे अशा चार साखळ्या बांधल्या आहेत. वरून पाहिले तर ट्रॅक्टर मध्ये आणि साखळ्या चार दिशांना फाकलेल्या दिसतील. गाय खुंट्याला बांधतो तेव्हा आपण तिला जमिनीवर दाबत नाही. तिला जिकडे जाऊ द्यायचे नसते त्याच्या उलट बाजूला खुंटा ठोकतो. तोच हा प्रकार.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांकडून काढून घेण्यासारखी आहे. ट्रॅक्टरला पुढे जाऊ न देणाऱ्या साखळ्या कोणत्या? अनेकजण 'पुढच्या' असे सांगतात. पण साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ट्रॅक्टरवर मागच्या दिशेने बल हवे असेल, तर ट्रॅक्टरच्या मागे बांधलेल्या साखळ्याच ते देऊ शकतात. ब्रेकच्या वेळी भार मागच्या दोन साखळ्यांवर येतो. पुढच्या दोन साखळ्या चढावर आणि मागून धडक बसल्यास कामी येतात. वळणावर एका बाजूच्या दोन साखळ्या काम करतात.

हिशेब करू. प्रत्येक साखळी हौद्याच्या पातळीशी ४५ अंशांचा कोन करते आणि वरून पाहता गाडीच्या लांबीशी ३० अंशांनी बाहेर फाकली आहे. साखळीतल्या ताणाचा लांबीच्या दिशेतला घटक ०.७१ × ०.८७, म्हणजे सुमारे ०.६१ पट. खालच्या दिशेतला घटक ०.७१ पट, तो दाब वाढवतो आणि त्यातून आणखी ०.३ × ०.७१, म्हणजे ०.२१ पट घर्षण मिळते. एकूण ०.८२ पट. दोन साखळ्यांनी ४,००० न्यूटन द्यायचे, तर प्रत्येकीत सुमारे २,४३० न्यूटन ताण येईल. चार पट्टे आवळून जे काम होत होते, ते इथे दोन साखळ्यांनी झाले. हा ताण आधी हाताने आणावा लागत नाही. साखळी फक्त ढिली नसावी. ट्रॅक्टर पुढे जाऊ लागला, की ताण आपोआप लागेल तितका वाढतो.

आता हातब्रेक सुटला असे समजा. घर्षण शून्य. ६,४०० न्यूटन सगळे साखळ्यांनाच द्यावे लागतील. ६,४०० भागिले २ × ०.६१, म्हणजे प्रत्येकी सुमारे ५,२०० न्यूटन. म्हणजे अंदाजे सव्वापाचशे किलो वजनाइतका ताण. चांगली साखळी किंवा रुंद पट्टा हा सहज सोसतो. दाबून बांधणी जिथे पूर्ण निकामी ठरते, तिथे अडवून बांधणी टिकून राहते. दोन रीतींमधला हा मुख्य फरक आहे.

कोन कसा निवडावा?

साखळी किती तिरकी असावी, हा सदिशांच्या घटकांचा सुरेख प्रश्न आहे. फाकण्याचा कोन क्षणभर विसरू आणि घर्षण गुणांक ०.३ ठेवू. ताणाच्या प्रत्येक न्यूटनामागे पुढे जाण्याला किती विरोध मिळतो, ते असे:

हौद्याशी ० अंश: १.००
१७ अंश: १.०४
३० अंश: १.०२
४५ अंश: ०.९२
६० अंश: ०.७६
९० अंश: ०.३०

साखळी तीच, ताण तोच. पण ९० अंशांवर, म्हणजे सरळ खाली ओढताना, तिचा उपयोग १७ अंशांच्या मानाने साडेतीन पटींनी घटतो. सर्वांत जास्त उपयोग त्या कोनाला होतो ज्याचा टॅन्जन्ट घर्षण गुणांकाइतका असतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे अवकलनाने सिद्ध करून पाहावे. मग १७ अंशच का ठेवू नये? कारण साखळीने उसळी आणि कलंडणेही रोखायचे असते, आणि त्यासाठी खालच्या दिशेतला घटक लागतो. म्हणून व्यवहारात ३० ते ४५ अंशांच्या आसपासचा कोन सोयीचा पडतो.

ट्रॅक्टरच्या काही खोडी

ट्रॅक्टर म्हणजे लाकडी पेटी नव्हे. त्याच्या घडणीत काही गोष्टी अशा आहेत, की त्या ध्यानात न घेता बांधला तर हिशेब कागदावरच राहतो.

पहिली गोष्ट पुढच्या आसाची. उंचसखल जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका खिळीवर डोलता ठेवलेला असतो. चाके चार दिसली, तरी ट्रॅक्टरचे धड तीनच ठिकाणी टेकलेले असते: मागची दोन चाके आणि पुढची खीळ. तीन पायांच्या तिवईसारखी ही रचना आहे. बागेतला ट्रॅक्टर अरुंद असल्याने तो वळणावर कलंडण्याचा धोका जास्त. म्हणून पुढच्या साखळ्या आसाच्या टोकांना न बांधता धडाच्या पुढच्या चौकटीला बांधणे चांगले. आसाला बांधल्यास आस जागेवर राहील. पण धड खिळीभोवती डोलू शकेल.

दुसरी गोष्ट बांधण्याच्या जागेची. मागे ट्रेलर जोडायचा ओढदांडा किंवा त्याची पक्की चौकट, पुढे वजनाच्या पाट्या लावायची चौकट, अशा ओतीव किंवा जाड लोखंडाच्या भागांनाच साखळी लावावी. स्टिअरिंगचे दांडे, अवजार उचलणारे हात, मडगार्ड, छताचे पाइप हे ओढ सोसण्यासाठी केलेले नसतात.

तिसरी गोष्ट अवजाराची. मागे रोटाव्हेटर किंवा फवारणी यंत्र असेल, तर ते हौद्यावर खाली टेकवावे आणि स्वतंत्रपणे बांधावे. हायड्रॉलिकवर उचललेले अवजार गुरुत्वमध्य वर नेते आणि दर धक्क्याला झुलते. फवारणीची टाकी रिकामी करावी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते.

चौथी गोष्ट चाकांची. हातब्रेक ओढावा, गिअर घालून ठेवावा आणि चाकांच्या पुढेमागे लाकडी पाचरी ठोकाव्यात. पण पाचर ही बांधणीची जोडीदार आहे, तिची जागा घेणारी नाही. टायर उसळला की तो पाचरीवरून चढू शकतो.

दोन चाकी ट्रेलर असेल तर

पिकअपऐवजी दोन चाकी ट्रेलर असेल, तर ट्रॅक्टर कुठे उभा करायचा हा प्रश्न बांधण्याच्याही आधी येतो. ट्रेलर म्हणजे आसावर तोललेली तरफ. समजा आसापासून जोडापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आला, तर जोडावर ८०० × ०.३ भागिले ३, म्हणजे ८० किलोंचा भार पडतो. अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्यांना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर ठेवायला सांगतात, तो याच बेताने. ट्रॅक्टर मागे सरकून गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेला, तर जोड वर उचलला जातो. ओढणाऱ्या गाडीची मागची चाके हलकी पडतात आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खाऊ लागतो. एकदा हेलकावे सुरू झाले की गाडी सावरणे अवघड जाते. ट्रॅक्टर काही वीत मागेपुढे झाल्याने एवढा फरक पडतो. म्हणून ट्रेलरवर मागे न सरकू देणाऱ्या पुढच्या साखळ्यांचे महत्त्वही तितकेच आहे.

पट्ट्यावरची चिठ्ठी वाचा

बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पट्ट्याला शिवलेली एक चिठ्ठी असते. तिच्यावर तो सरळ ओढीत किती बल सुरक्षितपणे सोसतो, हे 'डेकान्यूटन' या एककात दिलेले असते. एक डेकान्यूटन म्हणजे १० न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक किलोचे वजन. ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर सहसा २,५०० हा आकडा आढळतो. याच चिठ्ठीवर हाताने आवळल्यावर पट्ट्यात किती ताण येतो तेही वेगळे दिलेले असते, आणि तो आकडा पहिल्याच्या मानाने फार लहान असतो. दाबून बांधताना हा लहान आकडा उपयोगी, अडवून बांधताना मोठा. दोन रीतींमधला फरक त्या चिठ्ठीवरच छापलेला आहे! युरोपीय मानकाप्रमाणे निळी चिठ्ठी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनच्या जातीच्या धाग्याची आणि तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची असते. नायलॉन जास्त ताणला जातो, म्हणून मालाला हलायला वाव मिळतो.

साध्या दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याची ताकद बरीच घटते. काही गाठींत ती निम्म्यावर येते. शिवाय धारदार पत्र्यावर घासला की तो कापला जातो. आणि ज्याला बांधायचे ते कडे? हौद्याच्या कडेचे बारीक हूक ताडपत्रीच्या दोरीसाठी असतात. आकडा, पट्टा, कडी, हौद्यातले कडे या सगळ्यांतून एकच ताण जातो. त्यांतला जो भाग सर्वांत कच्चा, तोच आधी तुटणार. कडे गाडीच्या मूळ सांगाड्याला पक्के जोडलेले हवे.

अमेरिकेच्या नियमांत ४,५३६ किलो (१०,००० पौंड) किंवा त्याहून जड यंत्राला किमान चार बांधण्या सक्तीच्या आहेत. छोट्या ट्रॅक्टरला कमीत भागते. पण चार कोपऱ्यांना चार हाच नेम ठेवणे शहाणपणाचे, कारण एक सुटली तरी बाकीच्या असतात. त्याच नियमांत निघाल्यापासून ८० किलोमीटरांच्या (५० मैलांच्या) आत चालकाने बांधणी पुन्हा तपासावी असे सांगितले आहे. टायर दबतात, साखळीच्या कड्या सरळ बसतात, पट्टे थोडे ताणले जातात. आपल्या रस्त्यांवर तर पहिल्या आठ-दहा किलोमीटरांनंतरच एकदा उतरून पाहावे.

वर्गात करून पाहा

खऱ्या ब्रेकचा प्रयोग वर्गात करता येत नाही. पण उताराने त्याचे सोंग आणता येते. फळी तिरकी केली की वस्तूच्या वजनाचा उताराच्या दिशेतला घटक आणि फळीवर दाबणारा घटक यांचे गुणोत्तर म्हणजे उताराच्या कोनाचा टॅन्जन्ट. तो ०.८ हवा असेल तर कोन सुमारे ३९ अंश आणि ०.५ हवा असेल तर सुमारे २७ अंश लागतो.

साहित्य: ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद फळी, चार कोपऱ्यांना चार खिळे व मधल्या भागात दोन्ही कडांना एकेक खिळा, मोकळी फिरणारी चाके असलेला खेळण्यातला ट्रॅक्टर, जाड दोरा, रबरबँड, मोजपट्टी.

१. ट्रॅक्टर न बांधता फळीवर ठेवा. फळीची मागची कड हळूहळू उचला. चाके मोकळी असताना तो किती उंचीला पळतो ते नोंदवा. मग चाके चिकटपट्टीने घट्ट बसवून, म्हणजे 'हातब्रेक लावून', पुन्हा पाहा.

२. चाके मोकळी करा. आता मधल्या दोन खिळ्यांना अडकवून रबरबँड ट्रॅक्टरवरून आडवे टाका. फळीची मागची कड ३७.५ सेंटिमीटर उचला. हा ३९ अंशांचा उतार. रबरबँड घट्ट असूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. रबरबँड तिरके झाल्यावरच ते त्याला मागे ओढू लागते. म्हणजे दाबणाऱ्या बांधणीने अडवायला सुरुवात केली, ती ट्रॅक्टर सरकल्यानंतर.

३. रबरबँड काढा. ट्रॅक्टरच्या मागून दोन दोरे मागच्या दोन खिळ्यांना आणि पुढून दोन पुढच्या खिळ्यांना बांधा. फार आवळू नका, फक्त ढिले ठेवू नका. पुन्हा ३७.५ सेंटिमीटर उचला. ट्रॅक्टर जागेवर राहतो.

४. आता फळीची एक लांब कड १३.५ सेंटिमीटर उचला. हे झाले वळण. दोरे बाहेर फाकलेले असताना आणि ट्रॅक्टरला समांतर असताना काय फरक पडतो ते पाहा.

५. एक मागचा दोरा मुद्दाम तीन सेंटिमीटर ढिला ठेवा आणि फळी झटकन उचला. हिसका बोटाला जाणवेल.

प्रयोगानंतर विद्यार्थ्यांना शाळेबाहेरच्या रस्त्यावर तासभर निरीक्षण करायला सांगता येईल. कोणत्या गाडीतला माल दाबून बांधला आहे, कोणता अडवून, आणि कोणता केवळ 'जड आहे' या भरवशावर चालला आहे? पाइप, फ्रिज, सिमेंटचे खांब, लोखंडी कपाट या प्रत्येकाला हाच प्रश्न लागू पडतो.

एक गोष्ट मात्र गणिताशिवाय सांगायची. ट्रॅक्टर नेताना हिसके कमी बसावेत म्हणून कुणाला तरी त्याच्या आसनावर बसवायचे किंवा 'धरून बस' म्हणून हौद्यात उभे करायचे, ही रीत अनेक गावांत आहे. बहुधा तो घरातलाच एखादा मुलगा असतो. ब्रेकच्या वेळी ६,४०० न्यूटन लागतात, हे आता आपल्याला माहीत आहे. माणसाचे हात ते देऊ शकत नाहीत. ते साखळ्यांचे काम आहे, आणि मुलाची जागा केबिनमध्ये आहे.